काचेची जाडी, पाण्याचा दाब : घरगुती मत्स्यालयाच्या इतिहासाचे एक वाचन

मराठी समीक्षेत काच हा शब्द बहुधा पारदर्शकतेसाठी येतो. भाषा काचेसारखी असावी, तिच्यातून आशय दिसावा आणि ती स्वतः मात्र दिसू नये, असे आपण वर्गात शिकवतो. या रूपकात काचेला वजन नसते, जाडी नसते आणि तिच्यावर कसला भारही नसतो. महाभारताच्या सभापर्वातील दुर्योधनाला मात्र स्फटिकाचे हे दुसरे अंग चांगलेच कळले होते. मयसभेत त्याने स्फटिकाला पाणी मानले, पाण्याला भूमी मानले आणि स्फटिकाच्या दारावर कपाळमोक्षही करून घेतला. डोळ्यांना जे नाही असे वाटते, ते शरीराला पूर्णपणे असते. हा अनुभव आधुनिक काळात माणसाने घराच्या दिवाणखान्यात आणून बसवला, तो मत्स्यालयाच्या रूपाने. पाणी आणि माणूस यांच्यामध्ये काचेचे एक तावदान उभे करायचे आणि ते तिथे नाहीच असे समजून पलीकडचे जग पाहायचे, ही कल्पना जेमतेम पावणेदोनशे वर्षांची आहे. ते तावदान किती जाड असावे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास आम्ही येथे वाचू इच्छितो. आम्ही मराठीचे अध्यापक आहोत, अभियंते नव्हे. परंतु या इतिहासात विज्ञान, करव्यवस्था, कादंबरी आणि पाहण्याची हाव ही सारी सूत्रे अशी गुंतलेली आहेत, की तो केवळ अभियंत्यांवर सोडून देणे योग्य होणार नाही.

प्रश्नाचा अर्धा भाग फार पूर्वीच सुटला होता. १५८६ साली सायमन स्टेव्हिन या गणितज्ञाने पाण्याच्या भाराविषयीचा आपला ग्रंथ लायडन येथे प्रसिद्ध केला. विशेष असे, की त्याने तो विद्वानांच्या लॅटिनमध्ये न लिहिता आपल्या डच मातृभाषेत लिहिला. शास्त्र लोकभाषेत सांगता येते, किंबहुना ते तिच्यातच नेमके सांगता येते, असा त्याचा आग्रह होता आणि त्यासाठी त्याने अनेक नवे डच शब्द घडवले. परिभाषेचा प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या चघळणाऱ्या आपल्यासारख्यांना हा पूर्वज जवळचा वाटावा. स्टेव्हिनने दाखवले ते असे : पाण्याचा तळावरचा दाब पाणी किती आहे यावर ठरत नाही, ते किती उंच आहे यावर ठरतो. पुढे पास्कालने द्रवांच्या समतोलावरील आपल्या प्रबंधात हाच विचार अधिक व्यापक केला. तो प्रबंध त्याच्या मृत्यूनंतर, १६६३ साली प्रसिद्ध झाला. पाण्याने भरलेल्या पिंपाला उंच, अरुंद नळी जोडून तीत थोडेसेच पाणी ओतताच पिंप फुटल्याची जी गोष्ट पास्कालच्या नावावर सांगितली जाते, ती त्याच्या प्रबंधात नाही. पण गोष्टीतला सिद्धांत मात्र खरा आहे.

हा सिद्धांत बुद्धीला पटतो, कल्पनेला पटत नाही. म्हणून एक हिशेब मांडून पाहू. समजा, घरातील एका मोठ्या टाकीची दर्शनी काच १२० सेंटिमीटर लांब आहे आणि पाण्याची उंची ६० सेंटिमीटर आहे. एक चौरस सेंटिमीटर पायाचा ६० सेंटिमीटर उंच पाण्याचा स्तंभ ६० ग्रॅम भरतो. म्हणजे तळाशी दर चौरस सेंटिमीटरवर ६० ग्रॅमचा दाब आहे, पृष्ठभागाशी तो शून्य आहे, आणि सरासरी ३० ग्रॅम. काचेचे क्षेत्रफळ ७,२०० चौरस सेंटिमीटर. गुणाकार केला की त्या एका काचेवरचा एकूण रेटा २१६ किलो निघतो. टाकीची रुंदी ४५ सेंटिमीटर असेल तर तीत ३२४ लिटर पाणी मावते. आता रुंदी दुप्पट करा. पाणी ६४८ लिटर होईल, पण दर्शनी काचेवरचा रेटा २१६ किलोच राहील. उलट रुंदी १० सेंटिमीटरवर आणा. पाणी अवघे ७२ लिटर, म्हणजे ७२ किलो, आणि तरीही त्याचा काचेवरचा रेटा २१६ किलो! आपल्या वजनाच्या तिप्पट जोराने ढकलणारे हे पाणी पाहिले, की सोळाव्या शतकातील वाचकांना हा विरोधाभास का वाटला असेल ते कळते. काचेच्या पाठीमागे घडाभर पाणी आहे की समुद्र आहे, हे काचेला ठाऊकच नसते. तिला फक्त उंची कळते.

हे ज्ञान हाती असूनही पुढची अडीचशे वर्षे कोणी घरात काचेची मोठी टाकी ठेवली नाही, याची कारणे वेगळी होती. पहिले कारण जीवशास्त्रीय. साठवलेल्या पाण्यात मासे मरतात. दुसरे कारण राजकीय होते. इंग्लंडमध्ये १७४५-४६ पासून काचेवर जबर अबकारी कर होता आणि त्याची आकारणी मुख्यतः वजनावर होई. जाडीवर लावलेला कर म्हणून आम्हाला या कराचे महत्त्व वाटते. जिथे प्रत्येक औंसाला कर द्यावा लागतो, तिथे कारखानदार काच पातळ करणार, हे उघड आहे. शंभर वर्षांनी, १८४५ साली हा कर रद्द झाला आणि सहाच वर्षांनी, १८५१ च्या लंडन प्रदर्शनासाठी चान्स ब्रदर्सच्या कारखान्यातील सुमारे तीन लाख तावदानांचा स्फटिकप्रासाद उभा राहिला. मध्यमवर्गाच्या घरात काचेचे सामान शिरले ते याच काळात.

जीवशास्त्रीय अडचण सुटली तीही याच सुमारास, आणि ती सोडवणाऱ्यांत स्त्रिया पुढे होत्या. १८३० च्या दशकात सिसिलीतील मेसिना येथे जान व्हिलप्रो-पॉवर या मूळच्या फ्रेंच शिवणकाम करणाऱ्या बाईने आर्गोनॉट या अष्टपादाच्या अभ्यासासाठी काचेच्या टाक्या करवून घेतल्या. १८४६ साली अ‍ॅना थीन यांनी डेव्हनच्या किनाऱ्यावरील टॉर्कीहून जिवंत प्रवाळ लंडनला आणले. पाण्यात हवा खेळावी म्हणून त्यांच्याकडील मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून ते पाणी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. मत्स्यालयाच्या इतिहासात या मोलकरणीचे श्रम हे पहिले यंत्र आहे, आणि तिचे नाव कुणी नोंदवलेले नाही. त्याआधी नॅथॅनिएल वॉर्ड या लंडनच्या डॉक्टराने बंद काचपेटीत वनस्पती वर्षानुवर्षे जगतात हे दाखवले होते. १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनतज्ज्ञाने सोनेरी मासे, पाणवनस्पती आणि गोगलगाई यांना एकत्र ठेवून त्यांचा परस्परांवर चालणारा संसार सिद्ध केला. १८५३ साली लंडनच्या रीजंट्स पार्कमधील प्राणिसंग्रहालयात ‘फिश हाउस’ उघडले. पाठोपाठ १८५४ साली फिलिप हेन्‍री गॉस यांचे ‘द अ‍ॅक्वेरियम’ हे पुस्तक आले आणि त्या शब्दासह ते वेड घरोघर पसरले.

येथवर पाहणाऱ्याची एक सोय होती, ती म्हणजे गोल भांडे. बागेत रोपांवर झाकण म्हणून ठेवली जाणारी काचेची घंटा उलटी करून तीत पाणी भरायचे, हा त्या काळातील स्वस्त उपाय होता. गोल भांड्याची काच पातळ असली तरी चालते. आतून येणारा रेटा भांड्याच्या परिघाभोवती ओढीच्या रूपाने वाटला जातो, पिंपाच्या पट्टीत वाटला जावा तसा. परंतु गोल काचेतून मासा वेडावाकडा दिसतो, कधी फुगतो, कधी दुभंगतो. वास्तव जसे आहे तसे पाहायचे तर काच सपाट हवी. आणि सपाट होताच काचेचे दुर्दैव सुरू होते. सपाट तावदान रेटा वाटून देत नाही, ते बाक घेते. बाक घेतल्यावर त्याची बाहेरची बाजू ताणली जाते, आणि ताण हीच काचेची सर्वांत दुबळी जागा आहे. दाबून धरले तर काच पुष्कळ सोसते, ताणले की चटकन तुटते. वास्तवाचे अविकृत दर्शन हवे असेल तर त्याची किंमत जाडीत मोजावी लागते, असा हा व्यवहार होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास, म्हणजे युरोपीय कादंबरीत वास्तववाद स्थिरावत असतानाच, गोल भांड्याकडून सपाट काचेकडे ही वाटचाल व्हावी, या योगायोगाकडे आम्ही वाचकांचे लक्ष वेधतो. त्यापलीकडे त्यातून काही सिद्ध करण्याचा आमचा आग्रह नाही.

जाडी नेमकी किती हवी याचे गणित मोठे उद्‌बोधक आहे. पाण्याची उंची दुप्पट केली की तळचा दाब दुप्पट होतो. काचेचे क्षेत्रफळही वाढते आणि आधारांमधले अंतरही. लांबी-उंचीचे प्रमाण तेच ठेवले, तर काचेतील ताण पूर्वीइतकाच राहावा म्हणून जाडी दुप्पट करून भागत नाही, ती पावणेतीनपटीहून थोडी अधिकच करावी लागते. आज प्रचलित असलेल्या सूत्रांप्रमाणे वर सांगितलेल्या ६० सेंटिमीटर उंचीच्या टाकीला सुमारे १२ मिलिमीटर काच लागते. त्याच प्रमाणातील ९० सेंटिमीटर उंचीच्या टाकीला २१-२२ मिलिमीटर लागते. उंचीचा मोह किती महाग आहे हे यावरून दिसेल. लांबी आणि रुंदी पाण्याला जागा देतात, उंची मात्र जागेबरोबर दाबही देते.

हे मर्म ज्याने पुरते ओळखले, तो विल्यम अल्फर्ड लॉइड. लंडनमध्ये मत्स्यालयाच्या सामानाचे दुकान चालवणारा हा माणूस पुढे हॅम्बर्ग येथील आणि १८७१ साली स्फटिकप्रासादातील सार्वजनिक मत्स्यालयाचा रचनाकार झाला. पाणी निर्मळ राहण्यासाठी ते विपुल हवे, पण विपुल पाणी काचेमागे उभे करण्याची गरज नाही, हे त्याने जाणले. त्याने प्रेक्षकांसमोरच्या टाक्या बेताच्या ठेवल्या आणि त्यांच्याहून कितीतरी अधिक पाणी खाली, अंधाऱ्या हौदात साठवून पंपाने फिरते ठेवले. स्टेव्हिनचा विरोधाभास येथे उपयोगी पडला. माशांचे जगणे पाण्याच्या राशीवर अवलंबून असते, काचेचे जगणे पाण्याच्या उंचीवर. दोन्ही प्रश्न वेगळे केले की दोन्ही सुटतात. १८७२ साली उघडलेल्या ब्रायटनच्या मत्स्यालयातील सर्वांत मोठी टाकी १०० फुटांहून लांब होती. तिच्या लांबीने लोक दिपले, पण काचेच्या दृष्टीने लांबी हा सोपा भाग होता.

याच काळात साहित्यातही काचेच्या जाडीचा हिशेब आला. भा. रा. भागवतांमुळे मराठी वाचकांच्या परिचयाच्या झालेल्या ज्यूल व्हर्नची पाणबुडीची कादंबरी १८६९-७० मध्ये क्रमशः प्रसिद्ध झाली. तीत कॅप्टन नेमो आपल्या पाहुण्याला सुकाणूघराच्या भिंगांविषयी सांगतो, की अवघ्या ७ मिलिमीटर जाडीच्या काचांनी एका प्रयोगात १६ वातावरणांचा दाब सोसला होता आणि ही भिंगे मध्यभागी २१ सेंटिमीटर, म्हणजे तीसपट जाड आहेत. वाचक निःशंक होतो. आकडा आला की विश्वास बसतो, हे व्हर्नला पक्के ठाऊक होते. पण ती काच किती रुंद आहे, हे तो त्या हिशेबात सांगत नाही. आधारांमधील अंतर सांगितल्याशिवाय जाडी सांगणे म्हणजे क्रियापद गाळून वाक्य म्हणण्यासारखे आहे. तळहाताएवढ्या काचेला ७ मिलिमीटर पुष्कळ झाले, भिंतीएवढीला ते काहीच नाही. कादंबरीतील शास्त्र कसे वाचावे, याचा हा छोटा पाठ विद्यार्थ्यांना देण्याजोगा आहे.

आता प्रश्नाचा दुसरा अर्धा भाग. पाणी किती ढकलते हे १५८६ पासून ठाऊक होते. काच किती सोसते हे मात्र विसाव्या शतकापर्यंत कुणालाच नीट सांगता येत नव्हते. एकाच कारखान्याच्या, एकाच जाडीच्या दोन काचांपैकी एक टिके आणि दुसरी तडके. या कोड्याचे उत्तर इंग्लंडमधील विमान-संशोधन केंद्रात काम करणाऱ्या ए. ए. ग्रिफिथ यांनी १९२०-२१ च्या आपल्या निबंधात दिले. त्यांनी काचेचे तंतू ओढून त्यांची ताकद मोजली आणि तंतू जितका बारीक तितका तो प्रमाणाने अधिक बळकट, असे त्यांना दिसले. अर्थ असा, की काच मुळात दुबळी नाही. तिच्या पृष्ठभागावरील डोळ्यांना न दिसणारे बारीक चरे तिला दुबळी करतात. भार तावदानभर पसरलेला असतो, पण चऱ्याच्या टोकाशी ताण एकवटतो, आणि एका मर्यादेपलीकडे तो चरा स्वतःच्या बळावर धावू लागतो. तावदान जितके मोठे, तितकी त्यावर एखादा घातक चरा असण्याची शक्यता मोठी. शिवाय ओलावा अशा चऱ्यांना हळूहळू वाढवत नेतो, म्हणून क्षणभर सहज पेललेला भार वर्षानुवर्षे पेलला जाईलच असे नाही.

या शोधाने जाडीचा अर्थच पालटला. आजच्या सूत्रांत काचेची गृहीत धरलेली ताकद ३.८ ने भागून घेण्याचा प्रघात आहे. या भागाकाराला सुरक्षा-गुणक म्हणतात. म्हणजे आपण विकत घेतो त्या १२ मिलिमीटर काचेतील सगळी जाडी पाण्यासाठी नसते. गुणक काढून टाकला तर त्याच सूत्राने सुमारे ६ मिलिमीटर पुरावेत. उरलेली निम्मी जाडी आपल्याला न दिसणाऱ्या चऱ्यासाठी आहे, टाकीखालच्या असमतल टेबलासाठी आहे, सफाई करताना घासल्या जाणाऱ्या वाळूच्या कणासाठी आहे. आमच्या मते या साऱ्या इतिहासाचा गाभा येथे आहे. पाण्याविषयी आपल्याला जे कळते ते जाडीच्या निम्म्या भागात मावते. उरलेला निम्मा भाग काचेविषयी आपल्याला जे कळत नाही त्याला दिलेला मान आहे. आपल्याकडील फिशटँकवाले टाकीखाली थर्माकोलचा तुकडा घालतात, काचांच्या धारा घासून घेतात आणि वरच्या कडेला आडव्या पट्ट्या चिकटवतात, त्यामागेही हेच शहाणपण आहे. थर्माकोल टेबलावरचे उंचवटे गिळतो, घासलेल्या धारेत चरे उरत नाहीत, पट्टी काचेचा बाक आवरते. ग्रिफिथचे नाव न ऐकताही कारागिराचा हात तिथे पोचलेला असतो.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धाने काचेवरची जबाबदारी आणखी वाढवली. तोपर्यंत घरगुती टाकी म्हणजे लोखंडी चौकट, पाटीच्या दगडाचा किंवा काचेचा तळ आणि सांध्यांत लुकण, अशी रचना असे. लुकण वाळले की टाकी गळू लागे, म्हणून ती रिकामी ठेवणे धोक्याचे असे. अ‍ॅलिस्टर पिल्किंग्टन यांनी वितळलेल्या कथलावर काच तरंगवून ती सपाट करण्याची रीत शोधली आणि १९५९ साली ती जाहीर झाली. घासकामाशिवाय तयार होणारी, एकसारख्या जाडीची काच त्यामुळे स्वस्त झाली. १९६० च्या दशकात सिलिकोन आले आणि चौकट गळून पडली. काच आता चौकटीत बसवलेली खिडकी उरली नाही, तीच भिंत झाली, तीच खांब झाली. मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाचे दोन टप्पे हे स्थित्यंतर दाखवतात. १९५१ साली राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते उद्‌घाटन झाले तेव्हा भिंतीतील तावदानांसमोरून प्रेक्षक सरकत असत. २०१५ साली नूतनीकरणानंतर ते पुन्हा उघडले, तेव्हा प्रेक्षकाच्या डोक्यावरून कमान घेणारा अ‍ॅक्रिलिकचा बोगदा तेथे आला होता. जपानमधील ओकिनावाच्या मत्स्यालयात २००२ साली बसवलेला अ‍ॅक्रिलिकचा फलक ८.२ मीटर उंच आणि २२.५ मीटर रुंद आहे. त्याची जाडी आहे ६० सेंटिमीटर, आपल्या घरगुती टाकीच्या पूर्ण उंचीइतकी!

या चढत्या कमानीला एक तडा गेला तो १६ डिसेंबर २०२२ च्या पहाटे. बर्लिनमधील एका हॉटेलच्या दालनात उभा असलेला अ‍ॅक्वाडोम हा अ‍ॅक्रिलिकचा प्रचंड दंडगोल अचानक फुटला. सुमारे दहा लाख लिटर पाणी दालनातून रस्त्यावर धावले. सुमारे दीड हजार माशांपैकी जवळजवळ सगळेच मेले. दोन माणसांना दुखापत झाली. घटना पहाटेची नसती तर काय झाले असते, याची कल्पना करवत नाही. पुढच्या चौकशीत सांध्यातील चिकटद्रव्यासह अनेक शक्यता तपासल्या गेल्या, पण एकच एक कारण निश्चित करता आले नाही. पाण्याचा दाब तिथे काही गूढ नव्हता, तो आधीच दशांशापर्यंत मोजता आला असता. मोजता आले नाही ते पदार्थाच्या आतले.

पारदर्शकतेची आणखी एक किंमत आहे आणि ती काचेच्या अलीकडे कधीच दिसत नाही. गॉस यांचा मुलगा एडमंड याने १९०७ साली ‘फादर अँड सन’ या आत्मकथनात आपल्या वडिलांचे जे चित्र रेखाटले, त्यात एक विषण्ण करणारी नोंद आहे. वडिलांची पुस्तके वाचून डेव्हनच्या किनाऱ्यावर हौशी संग्राहकांच्या झुंडी लोटल्या आणि ओहोटीच्या वेळी उघड्या पडणाऱ्या ज्या खडकांतल्या डबक्यांचे सौंदर्य त्या पुस्तकांनी वाखाणले होते, तीच डबकी ओरबाडली गेली. श्रद्धाळू निसर्गअभ्यासक असलेल्या बापाला हे फळ अपेक्षित नव्हते. दिवाणखान्यातील प्रत्येक स्वच्छ काचेमागे किनाऱ्यावरचे एक रिते डबके होते.

रूपकाकडे परत जाऊ. काचेसारखी भाषा असावी असे पुन्हा म्हणताना आम्हाला आता त्या काचेची जाडी आठवेल. पारदर्शक दिसणारे गद्य आशयाचा भार पेलत उभे असते. वाचकाला तो भार जाणवत नाही, याचे श्रेय लेखकाने न दिसणाऱ्या चऱ्यांसाठी राखून ठेवलेल्या जाडीला असते. आशय किती पसरट आहे याने भाषेवर फारसा ताण येत नाही, तो किती खोल आहे याने येतो. उथळ पाणी कितीही लांब पसरले तरी पातळ काचेला पेलते. खोली वाढवायची असेल, तर जाडीचा हिशेब दुपटीने नव्हे, त्याहून अधिक करावा लागतो. आणि तो हिशेब पुरा करूनही थोडी जागा अज्ञातासाठी सोडावीच लागते.